नव्याच्या पुनवेला पाहुणे: यंदा घर उघडावं की नाही?

पेजपाणी
नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज घरातल्या भांडणामुळे लिहायची वेळ आली.

आमचं घर वेंगुर्ले तालुक्यात. पाऊण एकर भात, 16 माड, परसात रातांब्याची (कोकमाची) 4 झाडं. गेल्या वर्षी कोजागरीला, म्हणजे आमच्या नव्याच्या पुनवेला, मुंबई-पुण्याकडची 28 माणसं एका आयोजकाच्या सहलीतून वाडीत आली होती. दोन दिवसांत सहा ठिकाणं असा बेत: आमचं भात, शेजारच्या गावातला काजूचा कारखाना, पोह्याची गिरण, लाकडी घाणा, कोकम सरबतवाले आणि पहाटे रापण, म्हणजे किनाऱ्यावरून मासळीचं जाळं ओढणं. सोबत माहिती सांगणारा एक मुलगा. पत्रकावर मोठ्या अक्षरांत 'भातकापणीचा उत्सव'.

आता गंमत बघा. 2025 ला कोजागरी आली 6 ऑक्टोबरला. वरच्या कुणग्यातलं (वाफ्यातलं) हळवं, म्हणजे लवकर पिकणारं भात आम्ही दोन दिवस आधी कापून घेतलं होतं, कारण आभाळाचा भरवसा नव्हता. खालचं गरवं, उशिरा पिकणारं, अजून चिकात. दाणा दाबला की दूध येत होतं. पाहुणे बांधावर उभे, समोर हिरवंगार शेत. एक ताई म्हणाल्या, "कापणी कुठेय?" तो मुलगा माझ्या नवऱ्याला बाजूला घेऊन म्हणाला, "थोडंसं कापून दाखवा ना, फोटोपुरतं."

नवऱ्याने दाखवलं. चार मुठी कापल्या. टाळ्या पडल्या. त्या चार मुठी नंतर म्हशीपुढे टाकल्या. रात्री जेवताना तो एक शब्द बोलला नाही. ज्याने जून-जुलैत कमरेत वाकून लावणी केलीय, त्याला चिकातलं भात कापायला लावणं म्हणजे काय, ते शेत असलेल्यांना वेगळं सांगायला नको.

पण दुसरी बाजूही आहे. दुपारी तीनच्या सुमाराला परतीचा पाऊस आला. हळव्या भाताच्या पेंढ्या अंगणात ताडपत्रीवर सुकत पडलेल्या. मी ओरडले, आणि त्या 28 मधले आठ-दहा जण जेवणाच्या पानावरून उठून धावले. एक काका पांढऱ्या झब्ब्यात होते. ताडपत्रीचं एक टोक त्यांनी धरलं, दुसरं मी, आणि अख्खं भात उचलून पडवीत. झब्ब्याचं काय झालं असेल ते ओळखा. सासूबाई अजून त्यांचं नाव काढतात. "माणसा बरी होती गो, येवंदे" असं त्यांचं मत. नवऱ्याचं मत: परत नको.

पैशांचं म्हणाल तर ताटामागे 200 रुपये मिळाले. बाकी शेत दाखवलं, अडीच तास उभं राहिलो, दोन गड्यांचा त्या दिवशीचा रोज मोडला, त्याचे शून्य. सहलीची माणशी फी किती होती ते मला नंतर एका पाहुणीकडून कळलं. आकडा लिहीत नाही, पण ऐकून ताट 200 ला का दिलं असं झालं.

यंदा पुन्हा विचारणा आलीय. काय करू?

चाकरमानी_लोअरपरळ
मी अशाच एका सहलीला गेलो होतो, तुमच्याकडच्या नव्हे. बायको आणि दोन मुलं. मुलांनी पहिल्यांदा माडावर चढणारा माणूस जवळून पाहिला, शहाळं सोलताना कोयता कसा फिरतो ते पाहिलं. लेक अजून चित्रं काढते त्याची. त्यामुळे सहली बंद करा असं कृपा करून म्हणू नका. आमची पिढी गावापासून तुटली ती तुटलीच, निदान पोरांना तांदूळ झाडाला लागत नाही एवढं तरी कळू दे.

तक्रार आहे ती 'कोकम उत्पादकाची भेट' या प्रकाराची. गाडी थांबली ती हायवेच्या कडेच्या एका दुकानासमोर. आत फळ्यांवर बाटल्या, समोर सरबताचे छोटे ग्लास. मी विचारलं, हे तयार कुठे होतं? काउंटरवरच्या मुलाने मागे बोट दाखवलं. मागे होती खोक्यांची थप्पी. खोक्यांवर भलत्याच जिल्ह्याचा पत्ता. अर्धा तास तिथे, आणि पोह्यांच्या भट्टीवर फक्त दहा मिनिटं, कारण 'तिथे धूर असतो'. अहो, धूर बघायलाच आलो होतो आम्ही!

रातांबा
वरच्या प्रतिसादावर. ऑक्टोबरात कोकम कसं होतं ते कोणीही दाखवू शकणार नाही, कारण ते तेव्हा होतच नाही. ज्याला खरंच बघायचंय त्याने एप्रिलच्या शेवटाला, मेमध्ये यावं.

रातांबे उतरवले की फोडायचे. साल एकीकडे, बिया आणि गर एकीकडे. गराला मीठ लावून ठेवलं की रस सुटतो, तेच आगळ. साल त्या रसात बुडवायची, बाहेर काढून उन्हात घालायची, सुकली की परत बुडवायची. याला आम्ही पुटं देणं म्हणतो. जितकी पुटं तितकं सोल काळं, मऊ आणि आंबट. दोनच पुटं देऊन विकलेलं सोल हातात घेतलं तरी कळतं, कडक लागतं, आमटीत घातलं तर रंग सोडतं पण चव देत नाही. बिया राहिल्या त्यांचं मुठेल. बिया फोडून, कुटून, पाण्यात उकळून वर येणारं तेल गोळा करायचं आणि थंड होता होता मुठीत दाबून गोळे करायचे, म्हणून मुठेल. टाचांच्या भेगांना त्याच्यासारखं औषध नाही.

हे सगळं ऊन असेतो. मेच्या शेवटाला वळवाचा पाऊस आला की अंगणातल्या सोलांची जी धावपळ होते, ती बघायला या. तुमची पांढरा झब्बा काकांची गोष्ट वाचून मला तेच आठवलं.

ऑक्टोबरात कोकमवाल्याकडे नेलंच तर बरणीतलं आगळ दाखवा, सोलकढी करायला शिकवा, आणि सरळ सांगा की हे मेमधलं आहे. एवढं सरळ बोललं की गिऱ्हाईक उलट जास्त विश्वास ठेवतं. 'आत्ताच तयार होतंय' असं भासवायची गरजच काय?

काजूच्या_गल्लीतून
मी एका काजू कारखान्यात 11 वर्षं काम केलं, तेव्हा थोडं आतलं सांगते. आमच्याकडेही अशा मंडळींना आणायचे.

बी आधी वाफेवर शिजवतात, मग रात्रभर गार होऊ देतात, मग कटरवर. डाव्या हाताने बी पात्यांच्या मध्ये ठेवायची, पायाने दांडा दाबायचा, उजव्या हाताने कवच उघडून गर काढायचा. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत, कारण मजुरी किलोवर. कवचात जे तेल असतं ते कातडी जाळतं. हाताला खोबरेल चोपडून वर राख लावायची आमची पद्धत. हातमोजे दिलेले असतात, पण मोज्यात बोट चालत नाही आणि बोट चाललं नाही तर किलो भरत नाही. पाहुणे आले की मालक सांगायचे, मोजे घाला. पाहुणे गेले की मोजे खुंटीला.

तुमच्याकडच्या त्या मुलाने 'कापून दाखवा' म्हटलं, तसं आमच्याकडे पाहुणे 'आम्हालाही एक बी फोडू द्या' म्हणायचे. एकदा एका बाईंनी फोडली, तेल मनगटावर उडालं, दोन दिवसांनी तिथे काळा डाग पडला. फोन मालकांना नाही आला, मला आला. नंबर मीच दिला होता ना, प्रेमाने.

आणि एक. आपल्याकडचा काजूचा हंगाम फेब्रुवारी ते मे. ऑक्टोबरात कारखान्यात जी बी फुटते ती गोदामातली. कारखाने वर्षभर चालवायचे तर इथली बी पुरत नाही, आफ्रिकेतल्या देशांतून येणारी कच्ची बी देशभर फोडली जाते. त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण पाहुण्यांना 'आमच्या बागेतून थेट' असं सांगून वेंगुर्ला काजूच्या नावाने तीच पाकिटं गळ्यात मारली, की ज्याची खरी बाग आहे तो मरतो. भौगोलिक मानांकन मिळवून ठेवलंय ते कशासाठी मग?

ज्यांना काजू विकत घ्यायचाय त्यांच्यासाठी: पाकिटावर 180, 240, 320 असे आकडे असतात, तो एका पौंडात साधारण किती अख्खे गर बसतात त्याचा हिशेब. आकडा लहान तितका गर मोठा. दर्जा मात्र त्यावरून कळत नाही. पाकळी घ्या, भाजीला तीच छान लागते आणि स्वस्त पडते.

दर्यावर्दी
माका एकच सांगायचा आसा. रापण ओढूक हात लावल्यात तर शेवटापर्यंत लावा. दोन मिनटां व्हिडिओ काढून दोर सोडलो की बाजूच्या माणसाच्या खांद्यार वजन येता. तांडेल बोंबलता, आयकता कोण.

आमच्यात वाटो असता. ओढणाऱ्याक वाटो, जाळ्याक वाटो, होडयेक वाटो. पाहुण्यांनी शेवटपर्यंत ओढली तर तेंकाय देतो, पिशवीभर पेडवे. पैसे नको. पण कधी कधी तासभर ओढून दोन टोपल्ये मासळी गावता. तेव्हा 'एवढीच?' म्हणा नकात. खोल दर्यात मोठी जाळी घालणारे पर्ससीनवाले आनी लाइट लावन मारणारे काय करतत ता तेंका विचारा.

घाटावरचा
थोडं कडू बोलतो, राग मानू नका. सिंधुदुर्ग 1997 ला पर्यटन जिल्हा जाहीर झाला. तेव्हापासून ऐकतोय, पाहुणे हवेत पण पाहुण्यांनी काही मागू नये. ज्याने पैसे भरले, रात्रभर प्रवास केला, त्याने कापणी बघायची म्हटलं तर चुकलं काय? पत्रकावर कापणी लिहिली होती.

आमच्याकडे हुरडा पार्टीला ज्वारीचं कणीस कोवळंच कापतात. त्यात कोणाच्या भावना दुखावत नाहीत. उलट हुशार शेतकरी हुरड्याचा वाण वेगळा पेरतो, तोही टप्प्याटप्प्याने, म्हणजे डिसेंबर-जानेवारीभर पाहुण्यांना कोवळं कणीस मिळतं. तुम्हीही एक तुकडा पौर्णिमा धरून पेरा की. धंदा म्हटला की एवढं करावं लागतं.

पेजपाणी
@घाटावरचा, राग नाही. पण हुरडा खातात हो. चिकातलं भात कोण खातं? म्हैस.

आणि एक कुणगा वेगळा धरायचा म्हणता, ते आमच्या आज्यासासऱ्यांनीही करून पाहिलं असणार. आजूबाजूचं सगळं हिरवं असताना एकच कुणगा पिकला, की वाडीतले सगळे पक्षी, केलडी (माकडं) आणि रात्री डुकरं तिथेच. लोंबीत पोल, रिकामं टरफल, तेवढं राहतं. म्हणून तर एका मळ्यात सगळे एकाच बेताचं भात लावतात, एकमेकांच्या राखणीवर.

पत्रकावर कापणी लिहिली होती ही चूक मात्र खरी. ती पत्रक छापणाऱ्याची, बघणाऱ्याची नव्हे. ताईंवर माझा राग नाहीच, त्यांनी नंतर चुलीपाशी बसून किती प्रश्न विचारले! तांदूळ उकडा का करतात हे मला आजवर कोणी विचारलं नव्हतं.

निवृत्त_कृषिसेवक
इथे मूळ घोळ तारखेचा आहे. सण चंद्रावर चालतो, भात वाणावर आणि पावसावर. हळवी भातं साधारण 100 ते 115 दिवसांत तयार होतात, निमगरवी त्याच्या पुढे, गरव्यांना साडेचार महिनेही लागतात. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पेरलेलं गरवं ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पिकणार कसं? यंदा अधिक ज्येष्ठ असल्यामुळे पौर्णिमा पार ऑक्टोबरच्या शेवटाकडे सरकलीय, म्हणजे चित्र गेल्या वर्षाच्या उलट. हळवं केव्हाच घरात आलेलं असेल, निमगरवं अंगणात, गरवं कापणीच्या बेतात. पण पावसाने हात दिला तर! ऑक्टोबर अखेरीच्या पावसाने आडवं झालेलं, लोंबीतच मोड आलेलं भात मी नोकरीत कितीदा पंचनाम्यावर लिहिलंय. त्या दिवसांत शेतकऱ्याच्या बांधावर कॅमेरा घेऊन 28 माणसं नकोतच.

पूर्वी नव्याच्या पुनवेला कापणी संपलेली असावी अशी अपेक्षाही नसायची. चार लोंब्या आल्या की नवं झालं.

बारा_माणसांची_गाडी
मी सहली काढतो (ती नव्हे, आधीच सांगतो). आयोजकांची बाजूही ऐका.

28 माणसं का? कारण मोठ्या गाडीचं भाडं तेवढ्यांशिवाय निघत नाही. सहा ठिकाणं का? कारण तीन लिहिली तर लोक म्हणतात 'एवढ्याच पैशात अमका सहा दाखवतो'. मीही पहिली दोन वर्षं हेच केलं. मग एकदा एका आजींनी माझ्या गटाला उंबऱ्यावरूनच सांगितलं, "आधी पाय धुवा, मग बसा, मग विचारा." त्या दिवशी आम्ही पुढची दोन ठिकाणं रद्द केली. आजवरची सगळ्यात चांगली सहल तीच.

आता मी 12 जणांवर नेत नाही. दिवसाला दोनच घरं. जेवणाचे पैसे वेगळे आणि घराच्या वेळेचे वेगळे, तेही आदल्या दिवशी हातात. पाहुण्यांनी काही विकत घेतलं तर ते घराचं, माझं त्यात कमिशन नाही. यामुळे माझी फी जास्त आहे आणि गिऱ्हाईक कमी आहे, हेही खरं. श्रीमंत झालेलो नाही.

पेजपाणीताई, तुम्ही आयोजकाला विचारायचे प्रश्न: किती माणसं, किती तास, वेळेचे किती, पाऊस आला तर काय, आणि पत्रकावर तुमच्याबद्दल काय छापणार ते आधी दाखवणार का. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. आणि संडास एकच असेल तर 28 ला हो म्हणूच नका, बाकी सगळं सोडा. पुढेमागे स्वतःच करायचं मनात असेल तर राज्याचं कृषी पर्यटन धोरण 2020 पासून आहे, पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करता येते.

चाकरमानी_लोअरपरळ
आजींचं वाक्य फ्रेम करून लावण्यासारखं आहे. ताई, उकड्या तांदळाचं काय सांगितलंत त्या ताईंना? आम्हालाही सांगा की. घरी पेज होते पण तांदूळ पिशवीतून येतो.

पेजपाणी
सांगते. भात रात्री पाण्यात टाकायचं. सकाळी मोठ्या टोपात उकडायला चढवायचं, परसातल्या चुलीवर, कारण वास सगळ्या घरभर होतो. फार चांगला वास असतो हं, पण दिवसभर कपड्यांना येतो. दाण्याचं तूस जरासं फुटलं, आतला पांढरा दिसला, की उतरवायचं. पाणी निथळून खळ्यात पसरायचं. इथेच खरी कसोटी. कडक उन्हात एकदम सुकवलं की गिरणीत दाण्याच्या कण्या होतात. म्हणून ऊन चढलं की गोळा करायचं, पायाने सारखं वरखाली करत राहायचं. सासूबाई एक दाणा दाढेखाली धरतात. 'कट्' असा आवाज आला की झालं. नुसता दबला तर अजून एक ऊन. मी 14 वर्षं तो 'कट्' ऐकायला शिकतेय, अजून दर खेपेला त्यांनाच विचारते.

त्या ताईंनीही एक दाणा चावून पाहिला. म्हणाल्या, मला तर दोन्ही सारखेच वाटतात. सासूबाई इतक्या हसल्या.

रातांबा
मग हेच दाखवा ना! कापणीचा हट्ट कशाला?

पेजपाणी
काल रात्री हा सगळा धागा नवऱ्याला वाचून दाखवला. दर्यावर्दींच्या प्रतिसादावर तो पहिल्यांदा हसला. मग बराच वेळ काही बोलला नाही आणि शेवटी म्हणाला, "12 माणसा, आनी कोणी 'दाखवा' म्हणूचा नाय."

तेव्हा ठरलं ते असं. पुनवेला सहल नाही. त्या दिवशी घरचं नवं: भाताची लोंबी, नाचणीचं कणीस, झेंडू आणि आंब्याचं पान एकत्र बांधून दाराला, तुळशीला, विहिरीला, आणि हल्ली मोटरसायकललाही. नव्या तांदळाची खीर. कोणी ओळखीचं आलं तर पाटावर बसेल, तिकीट नाही.

पाहुणे नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात, गरवं झोडून झालं की. तोवर खळं सारवून तयार असतं, आभाळ मोकळं असतं आणि आमच्याही अंगात जीव असतो. एक दिवस उकडं भात. दुसऱ्या दिवशी व्हायनात (उखळात) पोहे: भिजवलेलं भात खापरीत भाजायचं आणि गरम असतानाच दोघींनी समोरासमोर उभं राहून मुसळाने कांडायचं. भात गार झालं तर पोहा होत नाही, चुरा होतो. इथे पाहुण्यांनी हात लावायला हरकत नाही, पण लय चुकली तर बोटं समोरचीची जातात. आधी रिकाम्या व्हायनात शिकवणार. दिवाळी तोवर होऊन गेलेली असेल, पण पोहे काय, कधीही खातात.

आयोजकांना हे कळवलं. त्यांचं उत्तर आलं की नोव्हेंबरात 'उत्सव' म्हणून विकता येणार नाही. बरं, म्हटलं.

@बारा_माणसांची_गाडी, तुम्हाला निरोप टाकलाय, बघा जमतंय का. संडास दोन आहेत.

@काजूच्या_गल्लीतून, तुमचं गाव आमच्यापासून लांब नसावं असं लिहिण्यावरून वाटतंय. मुसळाला दुसरी बाई हवीय. आमच्या शेजारणीचा खांदा धरलाय, आणि सासूबाईंना 74 व्या वर्षी कांडायला लावलं तर नवरा मलाच घराबाहेर काढेल.

काजूच्या_गल्लीतून
येते की. माझं मुसळ मी घेऊन येईन, दुसऱ्याचं हाताला बसत नाही.